ओढा, हद्द आणि मामांची ग्रामसभा

सातारा कुठं संपतं याचं उत्तर माणसागणिक बदलतं. रिक्षावाल्याच्या लेखी, परतीचं भाडं मिळायचं बंद होतं तिथं. शनिवार पेठेतल्या जुन्या माणसाच्या लेखी पोवई नाक्याशी. त्यापुढं सगळं ‘बाहेर’. पोस्टाच्या लेखी पिनकोड पुरेल तिथवर. कायद्याच्या लेखी मात्र शहर राजपत्रातल्या एका परिच्छेदात संपतं. ‘उत्तरेस अमुक गट नंबर, पूर्वेस ओढ्याची मध्यरेषा’ अशी त्याची भाषा असते, आणि ती मध्यरेषा ऐन पावसाळ्यात कुणाच्याही बापाला दिसत नाही.

मी लहानाची मोठी झाले ती या रेषेच्या नको त्या बाजूला. बाबांनी ऐंशीच्या दशकात प्लॉट घेतला, आणि तो स्वस्त मिळाला कारण जागा हद्दीबाहेर होती. ‘दोनचार वर्षांत हद्दवाढ होतेय बघा’ असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. साताऱ्याची हद्दवाढ प्रत्यक्षात झाली सप्टेंबर २०२० मध्ये. तोवर बाबाही गेले होते आणि विकणाराही.

बरं, हद्दीबाहेर म्हणजे ग्रामपंचायतीत, असं कुणालाही वाटेल. तसंही नव्हतं. आमची वसाहत नगरपालिकेत नव्हती आणि ग्रामपंचायतीतही नव्हती. साताऱ्यात अशा जागेला ‘त्रिशंकू भाग’ म्हणतात. वर्तमानपत्रंसुद्धा बातमीत तसंच छापायची, जणू ते महसुली नावच आहे. असे तुकडे तयार होतात ते साध्या कारणानं. शहराला चिकटलेल्या गावाचा काही भाग शहरात घेतला जातो, मागं राहिलेल्या शिवाराचं काय करायचं हे कागदावर ठरायचं राहून जातं, आणि तोवर त्या शिवारात बंगले उठलेले असतात. त्यात मुद्दाम कुणी काही केलेलं नसतं. दोन सरकारी नकाशांच्या कडा एकमेकींना नीट टेकल्या नाहीत, एवढंच.

ओढ्याच्या पलीकडे माझ्या थोरल्या मामांचं घर. तिथं ग्रामपंचायत. माझी शाळा शहरात. म्हणजे दप्तर पाठीला लावून निघाले, की अर्ध्या तासात मी तीन राजवटी ओलांडायची: आधी आमची बिनराजाची, मग मामांची पंचायत, मग १८५३ पासूनची नगरपालिका. रस्त्यावरून पाय टाकतानाच फरक कळायचा. आमचा मुरूम, मामांचं खडबडीत डांबर, शहरात फरशीचा फूटपाथ. दिव्यांचंही तसंच. मामांच्या गल्लीत पंचायतीचा पिवळा बल्ब, आमच्याकडे ज्याच्या त्याच्या व्हरांड्यातला उजेड रस्त्यावर सांडेल तेवढा.

म्हणून मग वसाहतीतल्या मोठ्या माणसांनी स्वतःचीच एक नगरपालिका काढली. तसं कुणी म्हणालं नाही, पण होती ती तीच. सुरुवात दिवाबत्तीपासून झाली. चार खांबांवर दिवे लावायचे, मीटर एकाच्या घरातून, बिल सगळ्यांनी वाटून. त्यासाठी वही घातली. वही आली की वही सांभाळणारा आला; एक निवृत्त तलाठी होते, त्यांच्याकडे ती गेली आणि मग ती वही नुसती वही राहिली नाही. त्यांनी पानांना नंबर घातले, थकबाकीचा रकाना पाडला, ‘मागील शिल्लक’ असं वर लाल शाईनं लिहिलं. वर्गणी न देणाऱ्याचं नाव मारुतीच्या पारावरच्या फळ्यावर लागायचं. एका गृहस्थांचा मुद्दा असा, की आपल्या घरापुढं खांबच नाही तर आपण बिल का द्यावं. त्यावर तलाठीकाकांनी दिलेलं उत्तर आईला अजून पाठ आहे: “तुमच्या घरापर्यंत येताना काय डोळं मिटून येता काय ओ?” करआकारणीचं इतकं नेमकं समर्थन मी पुढं कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही.

दिव्यांनंतर कचरा. एका मावशींना महिन्याच्या पैशांवर ठेवलं, त्या गाडा घेऊन यायच्या. कचरा कुठं टाकायचा यावर मात्र वसाहत फुटायची वेळ आली, कारण जिथं खड्डा काढायचा तिथल्या प्लॉटचा मालक पुण्याहून सुटीत आला आणि त्यानं बोंब ठोकली. मग खड्डा सरकला. मग रस्त्यावर मुरूम. मग मोकाट गुरं. आमच्याकडे कोंडवाडा नव्हता, त्यामुळे फुलझाडं खाल्ली तर गाईला कोंडायचं कुठं, हा प्रश्न बैठकीत निघाला आणि तिथंच विरला. पाणी तेवढं आमच्या हातात नव्हतं. साताऱ्याच्या उपनगरांना पाणी देतं ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, म्हणजे नळ उघडला की आणखी एका चौथ्याच सरकारची गाठ पडायची. शहराच्या जुन्या पेठांना कास तलावाचं पाणी. आमच्या लहानपणी पेठेतली पाहुणी आली की पहिला घोट घेऊन म्हणायची, “कासचं नव्हे हे.” त्यात थोडा माजही असायचा.

या वसाहतीच्या कारभाराचं मला आज जास्त नवल वाटतं. तेव्हा ते फक्त गरजेपोटी चाललेलं वाटायचं. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांची यादी आहे, अठरा विषयांची. शहर नियोजन, रस्ते-पूल, पाणी, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, उद्यानं, दिवाबत्ती, जन्ममृत्यूची नोंद, दहनभूमी, आणि हो, कोंडवाडाही. आमच्या वहीत त्यातले निदान चार तरी होते, आणि ते कुणी आम्हाला ‘सोपवले’ नव्हते. अधिकाराचा कागद नसताना कामं चालू होती. कागद असलेल्यांची गोष्ट उलटी असते. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली, पण ही अठरा कामं राज्यानं नगरपालिकांना द्यावीतच, अशी सक्ती तिनं केली नाही. राज्याला वाटलं तर देता येतील, इतकंच. त्या ‘वाटलं तर’मध्ये आपली सगळी शहरं अडकलेली आहेत, असं माझं मत आहे. नगरपालिकेचा मुख्याधिकारी राज्य सरकार पाठवतं. सभेनं केलेला ठराव जिल्हाधिकारी १९६५ च्या नगरपालिका अधिनियमाच्या कलम ३०८ खाली तहकूब ठेवू शकतात. पालिकेच्या राजकारणात मुरलेल्या माणसांच्या तोंडी ‘तीनशे आठ’ हा आकडा पोलिसाच्या तोंडच्या ‘चारशे वीस’सारखा बसलेला असतो. जकात होती तोवर नगरपालिकेच्या खिशात स्वतःचा पैसा तरी खुळखुळायचा. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली, बदल्यात राज्याकडून अनुदान आलं, आणि घरात कमावत्या माणसाला महिन्याचा हातखर्च मोजून मिळू लागावा तशी गत झाली.

नगराध्यक्ष कसा निवडायचा याचा तर आपण खेळ केला. २०१६ मध्ये थेट जनतेतून. २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून. २०२२ मध्ये पुन्हा जनतेतून. सरकार बदललं की पद्धत बदलते. दोन्ही बाजूंनी तत्त्वाचीच भाषा केली, हे विशेष.

मूळ चौकट वाचायला सोपी आहे. गाव शहर होऊ लागलं की नगर पंचायत, त्यापुढं नगर परिषद, त्याहून मोठं झालं की महानगरपालिका. महाराष्ट्रात साधारण दहा ते पंचवीस हजार वस्तीला नगर पंचायत, पंचवीस हजारांपुढं नगर परिषद, तीन लाखांपुढं महानगरपालिका. परिषदांत पुन्हा वर्ग: एक लाखावर ‘अ’, चाळीस हजारांवर ‘ब’, खाली ‘क’. नुसती डोकी मोजून भागत नाही, शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाणही बघतात. २०११ च्या जनगणनेत साताऱ्याची वस्ती सुमारे एक लाख वीस हजार भरली, म्हणजे ‘अ’ वर्ग.

आता या चौकटीत आमचा जिल्हा बसवून बघा. नऊ नगर परिषदा: सातारा, कराड, फलटण, वाई, म्हसवड, रहिमतपूर, मलकापूर, महाबळेश्वर, पाचगणी. महानगरपालिका एकही नाही. यातली रहिमतपूरची वस्ती पंचवीस हजारांच्या खालची, आणि तरी ती नगर परिषद, कारण ती होती; आजोबांच्या नावावरची शेती नातवाकडं येते तशी ती दीडशेहून जास्त वर्षं चालत आली. महाबळेश्वर आणि पाचगणी त्याहून लहान, पण ‘गिरिस्थान’, साहेबाच्या आवडीची ठिकाणं. उलट कराडला खेटून असलेलं मलकापूर पार शहर झालं तरी कितीतरी वर्षं ग्रामपंचायतच होतं. २००८ मध्ये नगर पंचायत झालं आणि मग चोवीस तास पाण्याच्या योजनेमुळे थोरल्या शहरांना त्याच्याकडे बघायला यावं लागलं. मेढा, कोरेगाव, पाटण, वडूज, दहिवडी, खंडाळा नगर पंचायती झाल्या त्या तालुक्याची गावं म्हणून. मेढ्याच्या बाजारात उभं राहून ‘हे शहर आहे का’ असं विचाराल तर भाजीवाली हसेल. पण तिथं पाणीपट्टीचा कागद नगर पंचायतीचा आहे.

जनगणनावाल्यांचा हिशेब आणखी निराळा. पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं आणि कामकरी पुरुषांतले तीन चतुर्थांश शेतीबाहेर, एवढं असलं की ते त्या गावाला शहर म्हणतात, मग तिथं ग्रामपंचायत असो नाही तर काही. २०११ मध्ये देशात अशी सुमारे ३,९०० ‘जनगणना शहरं’ निघाली. मोजणीत शहर, कारभारात गाव. साताऱ्याला चिकटलेली शाहूपुरी कितीतरी वर्षं ग्रामपंचायतच होती. तिथल्या कुठल्याही गल्लीत उभं राहून पेठ कुठं संपली आणि गाव कुठं सुरू झालं ते दाखवा, असं कुणी म्हणालं असतं तर पंचायत झाली असती.

१८५३ चा मघाशी उल्लेख केला, तो सहज नव्हता. साताऱ्याचं छत्रपतींचं राज्य डलहौसीनं वारस नामंजूर करून खालसा केलं ते १८४८ नंतर लगेच. आणि पाचेक वर्षांत इथं नगरपालिका आली, १८५० च्या कायद्याखाली. राज्य गेलं आणि गटार आलं, असं आमचे इतिहासाचे सर म्हणायचे. त्या कायद्यात लोकांनी मागणी केली तर नगरपालिका, अशी सोय होती, आणि उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे जकात. सभासद मात्र सरकार नेमेल ते. व्हाइसरॉय रिपनचा स्थानिक स्वराज्याचा तो गाजलेला ठराव यायला १८८२ उजाडावं लागलं. त्यानंतर हळूहळू निवडून आलेली माणसं दिसू लागली, तीही मालमत्तावाल्यांच्या मतांवर. गंमत म्हणजे साहेबाच्या कॅम्पासाठी साताऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळी उपनगर नगरपालिका होती. म्हणजे हद्दीवरून शहर दुभंगणं ही आमची जुनीच खोड.

पण याच जिल्ह्यात, औंधला, एकदा अगदी उलटी गोष्ट घडली होती. तिची आठवण शाळेत कुणी करून दिली नाही. औंध म्हटलं की यमाईचा डोंगर आणि चित्रांचं म्युझियम, एवढंच. बाहत्तर गावांचं संस्थान. आटपाडी आणि कुंडल हे आज सांगली जिल्ह्यात असलेले भागही त्यातले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते. त्यांनी १९३९ मध्ये आपली सत्ता सोडून प्रजेला घटना दिली. मसुद्यामागं गांधीजींचा हात, राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर. पाया गावाची निवडलेली पंचायत; पंचायतींमधून तालुक्याची सभा; तालुक्यांमधून संस्थानचं विधिमंडळ. म्हणजे सत्ता वरून झिरपायची नाही, खालून चढायची. आज औंध ग्रामपंचायत आहे, राज्यातल्या सुमारे अठ्ठावीस हजारांतली एक. पुढं १९४३ नंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं याच मुलखात गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, त्याचा एक मोठा गड कुंडल. इंग्रजांच्या नकाशावर नसलेलं सरकार लोक मानत होते, कारण तंट्याचा निकाल तिथं लागत होता. आमच्या तलाठीकाकांच्या वहीला या रांगेत बसवायचा मोह होतो, पण नको; त्या वहीमागं फार तर फळ्यावर नाव लागण्याची भीती होती.

मग हद्दवाढ इतकी वर्षं का रखडली? शहरात कुणाला नको होती म्हणून नव्हे. बाहेरच्यांना नको होती, आणि त्यांची कारणं खुळी नव्हती. मामा तर कट्टर विरोधक. त्यांचं म्हणणं, ग्रामपंचायतीची घरपट्टी एवढीशी आणि शहराची केवढी. वर एक खोली चढवायची तर पंचायतीत ओळखीनं भागतं, शहरात नकाशा, आर्किटेक्ट, हेलपाटे. हे झालं तोंडावर बोलायचं. न बोलायचं असं, की गावात सरपंच होऊ शकणारी, पंच होऊ शकणारी दहावीस माणसं असतात. शहरात विलीन झालं की त्या साऱ्यांच्या वाट्याला मिळून एखाददुसरा नगरसेवक. शहरातल्या पुढाऱ्यांनाही नवी मतं कुणाच्या पारड्यात पडतील याची धास्ती. या दोन भित्यांच्या मधे हद्दवाढीची फाईल वर्षानुवर्षं पडून होती, यात मला आश्चर्य वाटत नाही. फुकटचा शहाणपणा सांगायचा तर, बाहेरची माणसं शहराचे रस्ते, मंडई, बागा वापरत होती आणि पट्टी गावात भरत होती, हेही खरं. आम्ही तर कुठंच भरत नव्हतो. पेठेतली मैत्रीण एकदा चिडून म्हणाली होती, “तुम्ही लेको फुकटे.” तिला वही दाखवायला हवी होती.

जोडून घेतलं म्हणजे एक होतं असंही नाही. माझी धाकटी बहीण मिरजेला दिली आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एकच महानगरपालिका झाली ती फेब्रुवारी १९९८ मध्ये. आज तिची वस्ती पाच लाखांच्या घरात. तरी बहिणीच्या सासूबाई बाजाराला निघाल्या की म्हणतात, “सांगलीला जाऊन येते.” एकाच शहरात राहून त्या शहराला जाऊन येतात. मिरज आणि सांगली ही पटवर्धनांची दोन संस्थानं. भाऊबंदकीतून फुटली आणि चिंतामणरावांनी सांगली राजधानी म्हणून उभी केली, ते एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी. मिरजेकडे जंक्शन, दवाखाने, सतार-तंबोरे करणारी घराणी, मिरासाहेबांचा दर्गा. सांगलीकडे हळदीचा बाजार, गणपती आणि जिल्ह्याचा मान. तोही मान नवा. १९४९ ला संस्थानं विलीन झाल्यावर हा जिल्हा ‘दक्षिण सातारा’ म्हणून निघाला, सांगली हे नाव १९६० चं. कुपवाडकडे एमआयडीसी. तिघांना एका सभागृहात बसवलं तरी निधी आला की पहिला सवाल, “मिरजेला किती?” मला यात वाईट काही दिसत नाही. दोनशे वर्षांची वेगळी ओळख एका अधिसूचनेनं विरघळावी अशी अपेक्षाच चुकीची. वाईट इतकंच, की या तीन ठिकाणांना आपापला छोटा कारभार ठेवून मोठी कामं एकत्र करण्याची सोय आपल्या कायद्यात नीट उभी राहिली नाही. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असं घटना सांगते. त्या असतात. त्यांच्या हाती किती पैसा असतो ते विचारू नये.

मामांचा मुलगा स्वीडनला असतो. मामा-मामी तिकडं तीन महिने राहून आले आणि आल्यापासून मामा ‘कोम्यून’ हा शब्द असा वापरतात, जणू कोम्यून म्हणजे आमच्या आळीतली पतपेढी. तिकडं १९७१ पासून कायद्यात शहर आणि गाव हा भेदच उरला नाही. सगळा देश २९० कोम्यूनमध्ये वाटलेला, एक इंचही त्याबाहेर नाही. राजधानी स्टॉकहोमही कोम्यून आणि जंगलातली दोनचार हजार वस्तीही कोम्यूनच. शाळा, पाळणाघर, म्हाताऱ्यांची देखभाल, पाणी, रस्त्यावरचा बर्फ, सारं त्यांच्याकडे. आणि पैसा? उत्पन्नावरचा कर, पगाराच्या साधारण तीस टक्क्यांच्या वर, थेट कोम्यूनला आणि तिच्या वरच्या प्रांताला. मामा हे ऐकून गप्प बसले म्हणे, आणि मग त्यांनी मुलाला विचारलं, “आणि ग्रामसभा कधी असते?” कोम्यूनची सभा कुणालाही बसून बघता येते, असं त्यानं सांगितलं. मामांचं समाधान झालं नाही. “बघायची कशाला? बोलायला मिळतंय का?”

हा मामांचा दुखरा भाग. मामा पंचायतीत कधी निवडून आले नाहीत. उभे राहिले होते, पडले. पण ग्रामसभेत त्यांना तोड नव्हती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना मामा इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा पुसून, शाळेच्या पटांगणात पुढच्या रांगेत. हातात मागच्या सभेच्या इतिवृत्ताची झेरॉक्स. गणपूर्तीचा नियम पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातलं जे कमी ते. शंभर माणसं काही जमायची नाहीत. सभा तहकूब व्हायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे मग खरी सभा व्हायची. मामा उठून विचारायचे, “अजेंड्यावर विषय क्रमांक पाच होता, त्याचं काय झालं?” सरपंच घाम पुसायचे. पुष्कळदा उत्तर मिळायचं नाही. पण विचारता यायचं, नावानिशी, चारचौघांत. आणि ग्रामसेवकाला ते लिहून घ्यावं लागायचं. आमच्या त्रिशंकू वसाहतीत हा हक्क आम्हाला कधीच नव्हता, म्हणून त्याची किंमत आम्हाला मामांपेक्षा आधी कळायला हवी होती. कळली नाही. आम्ही दिव्यांच्या मागे होतो.

२०२० च्या सप्टेंबरात अधिसूचना निघाली. शाहूपुरी, विलासपूर, दरे खुर्द, आणि आमच्यासारखे त्रिशंकू तुकडे शहरात आले. घंटागाडी दारात यायला लागली. आई पहिल्या दिवशी गाणं ऐकून बाहेर धावली आणि रिकाम्या हातानं परत आली, कचरा न्यायलाच विसरली. खांबांवर एलईडी आले. घरपट्टीचं बिल आलं तेव्हा बाबांच्या नावाचं आलं, ते बघून आम्ही जरा वेळ नुसतं बसून राहिलो. पलीकडे मामांची ग्रामपंचायत गेली, आणि तिच्याबरोबर ग्रामसभा.

आता नगरसेवक येईल, असं मामा म्हणाले. नगरपालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. निवडणूक झाली नाही. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात, मग प्रभागरचनेचा, आणि राज्यभर एकामागून एक पालिकांवर प्रशासक बसले. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, असं घटनेत पांढऱ्यावर काळं आहे. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, तोही पुढं लांबला, आणि शेवटी राज्यातल्या नगर परिषदांचं मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झालं. हिशेब मांडून बघा: मामांच्या गावानं सरपंच गमावला २०२० मध्ये आणि पहिला नगरसेवक मिळवला पाच वर्षांनी. मधल्या काळात गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला? अधिकारी होते, आणि कामंही होत होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रशासकाच्या काळात काही गोष्टी झटपट झाल्या असंही म्हणणारे भेटतात. मला ते कौतुक खुपतं. आमच्या वहीचा कारभारसुद्धा वर्षातून एकदा पारावर वाचून दाखवला जायचा.

शहरातही क्षेत्रसभा, म्हणजे वस्तीतल्या मतदारांच्या सभा, घ्याव्यात अशी तरतूद राज्यानं केलेली आहे. आमच्या भागात ती भरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मामांना कुणीतरी हे सांगितलं, आणि निवडणूक झाल्यावर त्यांनी ताबडतोब एक अर्ज लिहून नव्या नगरसेवकाकडे नेऊन दिला. एका प्रभागात दोन नगरसेवक. मामांनी दोघांना दोन प्रती दिल्या आणि पोच घेतली. विषय: नागरिकांची सभा घेणेबाबत. दोघांनीही अदबीनं ‘बघू की मामा’ म्हटलं.

मामा बघत बसणाऱ्यातले नव्हेत. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्यांनी मारुतीच्या पारावर सतरंजी घातली. ओढ्याच्या दोन्हीकडचे लोक आले, कारण आता प्रभाग एकच. तलाठीकाका नाहीत, पण त्यांच्या सुनेनं ती जुनी वही आणली होती, मागची पानं कोरी होती म्हणून. मामांनी आधी माणसं मोजली आणि गंभीरपणे जाहीर केलं, की गणपूर्ती नाही, सबब सभा तहकूब. मग अर्ध्या तासानं, त्याच सतरंजीवर, तहकूब सभा सुरू झाली. पहिला विषय गटाराचा उतार. आमच्या बाजूचे म्हणाले ओढ्याकडे द्या. मामांच्या बाजूचे उसळले, की तुमची घाण आमच्या अंगावर का. एकजण उठून म्हणाला, हे नगरपालिकेच्या अभियंत्याचं काम आहे, आपण कशाला भांडायचं. मामांनी त्याला खाली बसवलं आणि मला म्हणाले, “ए पोरी, हे लिही. नाव घालून लिही कोण काय बोललं ते.”